गाडीत वेगळा वास आला तर: खान्देशातल्या उन्हात आणि घाटात गाडी चालवणाऱ्यांसाठी

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर गेला की बोनेटखाली काय होत असेल याचा विचार करा. रबरी होज मऊ पडलेले असतात, जुनं प्लास्टिक तडकायला आलेलं असतं आणि रेडिएटरला थंड व्हायला गार हवाच मिळत नाही. अशा दिवसांत बिघाड सुरू होणं आणि डॅशबोर्डवरचा दिवा लागणं यांच्यात बराच वेळ जातो. त्या मधल्या वेळात बहुतेकदा वास येतो. कधी कधी तर दिवा किंवा काटा दगा देतो. कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, पूर्ण गळून गेलं तर टेंपरेचरचा सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन भाजत असतानाही काटा खालीच दिसू शकतो.

नाकाची एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी लागते. कुठल्याही वासाची त्याला काही मिनिटांतच सवय होते. म्हणून ‘आमच्या गाडीत असाच वास येतो’ असं सांगणारे इतके भेटतात. वास पहिल्यांदा जाणवतो तेव्हाच निर्णय घ्यायचा असतो. मागच्या गावात नुकताच गाडीत बसलेला पाहुणा ‘कसाना वास ई ऱ्हायना भाऊ?’ असं विचारत असेल, तर त्याचं नाक तुमच्यापेक्षा ताजं आहे. त्याचं ऐका आणि गाडी बाजूला घ्या.

आधीची तयारी

डॅशबोर्डवरचं परफ्यूम काढून टाका, हे मी अगदी आग्रहाने सांगेन. मोगऱ्याच्या किंवा लिंबाच्या उग्र वासाखाली कुलंटचा हलका गोडसर वास आणि वायरीचा सुरुवातीचा जळका वास हमखास दबतो. गाडी स्वच्छ ठेवा, केबिन फिल्टर झटका, म्हणजे परफ्यूमची गरजच उरणार नाही.

मग आपल्या गाडीचा नेहमीचा वास ओळखीचा करून घ्या. पंधरा-वीस किलोमीटर चालवून आल्यावर मोकळ्या जागेत थांबा, खाली उतरा, गाडीला एक चक्कर मारा. बोनेटजवळ, चारही चाकांजवळ, पेट्रोलच्या झाकणाजवळ, सायलेन्सरमागे वास घ्या. चांगल्या स्थितीतल्या गाडीचा वास कसा असतो हे माहीत असेल, तरच बिघडलेल्या गाडीचा वास वेगळा कळेल.

एसीच्या बटणांमध्ये हवा आतल्या आत फिरवण्याचं बटण असतं, गाडीच्या चित्रात वळलेला बाण दाखवलेलं. ते शोधून ठेवा. गाडीत टॉर्च, जाड फडकं, जास्तीचे फ्यूज, पाच लिटर स्वच्छ पाणी आणि पावडरचा छोटा अग्निशामक असू द्या.

वास आल्यावरची पहिली दोन मिनिटं

आधी समोर पाहा. मुंबई-आग्रा रस्त्यावर धुळ्याजवळचा लळिंग घाट उतरणाऱ्या ट्रकमागे असाल, तर ब्रेकचा वास त्या ट्रकचा असू शकतो. हंगाम संपल्यावर शेतात पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) जाळतात, कुठे वीटभट्टी असते. आता ते आतल्या हवेचं बटण दाबा. वास कमी झाला तर तो बाहेरून येतोय. पण एवढ्यावर निश्चिंत होऊ नका, कारण बाहेरची हवा गाडीत येते ती पुढच्या काचेच्या पायथ्याशी, बोनेटला लागून. म्हणजे बाहेरचा वास तुमच्याच इंजिनाचाही असू शकतो. मोकळ्या जागी, दुसऱ्या वाहनांपासून लांब उभं राहून मिनिटभर थांबा. तरीही वास राहिला तर तो तुमच्याच गाडीचा.

उलट, बटण दाबूनही वास तसाच राहिला किंवा वाढला, तर उगम केबिनमध्ये आहे. डॅशबोर्डमागची वायरिंग, हीटरची छोटी जाळी, एसीची कूलिंग कॉइल, मागच्या सीटखालचा पेट्रोल पंप किंवा डिकीतली सीएनजीची टाकी यांपैकी काहीतरी.

उभं राहताना जागा बघा. वाळलेल्या गवतावर, मक्याच्या खुंटांवर, कापूस सांडलेल्या जिनिंगच्या आवारात गरम गाडी थांबवू नका. सायलेन्सर आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर एवढा तापलेला असतो की खालचं वाळकं गवत पेटतं. पार्किंगचे दिवे लावा, इंजिन बंद करा, सगळ्यांना रहदारी नसलेल्या बाजूच्या दाराने उतरवा. बोनेटच्या फटीतून धूर येत असेल तर बोनेट झटक्यात उघडू नका. आत ज्वाळा असेल तर हवा मिळताच ती भडकते. अशा वेळी माणसं लांब न्या आणि ११२ ला फोन करा.

आता वास कोणता ते ठरवायचं. आधी तीन वास, ज्यांत गाडी पुढे अजिबात न्यायची नाही.

पेट्रोल, गॅस आणि जळकी वायर

सकाळी पहिल्या स्टार्टला क्षणभर पेट्रोलचा वास आला आणि गेला, तर काळजी नाही. चालत्या गाडीत किंवा उभ्या गाडीखाली सतत येत असेल तर इंजिन बंद, किल्ली काढा, विडी-सिगारेट लांब. टॉर्चने खाली ओला डाग दिसतो का ते पाहा. खान्देशात याचं एक नेहमीचं कारण म्हणजे उंदीर. गोठ्याशेजारी, पऱ्हाट्यांच्या किंवा कडब्याच्या गंजीशेजारी गाडी उभी राहते आणि उंदीर बोनेटमध्ये शिरून नळ्या कुरतडतात. दुसरं कारण रबराचं वय. जुन्या गाड्यांच्या नळ्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी बनवलेल्या नव्हत्या, त्या चिरतात. तिसरं कारण आपण स्वतः ओढवून घेतो. पंपावर नोझल आपोआप बंद पडल्यावरही ‘अजून थोडं टाक’ म्हणून टाकी गळ्यापर्यंत भरतो. टाकीची वाफ शोषणारा कोळशाचा डबा असतो, त्यात पेट्रोल शिरतं आणि उन्हात वास सुटतो. पहिल्या कटलाच थांबा.

पेट्रोलचा वास सायलेन्सरमधून येतोय आणि इंजिन झटके देतंय, तर एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नाही. प्लग किंवा कॉइल गेलेली असते. तशीच गाडी रेटली की न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि एका प्लगच्या दुरुस्तीचं रूपांतर मोठ्या खर्चात होतं. डिझेल पेट्रोलइतकं पेटाऊ नसतं, पण गरम सायलेन्सरवर पडलं तर तेही पेट घेतं. फिल्टर बदलल्यावर किंवा इंजेक्टरचं काम झाल्यावर वास आला तर परतीच्या नळीचे जोड पाहायला सांगा.

सीएनजी आणि एलपीजीला मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो, गळती कळावी म्हणून. वास आला की काच खाली करायचं बटण, आतला दिवा, पंखा, काहीही चालू-बंद करू नका. दारं आणि डिकी हाताने उघडा, टाकीवरचा हाताने बंद होणारा व्हॉल्व्ह फिरवा, गाडी ढकलून सावलीत नव्हे तर मोकळ्यावर न्या. सीएनजी हवेपेक्षा हलका, तो वर जाऊन निघून जातो. एलपीजी जड, तो खाली खोलगट जागेत साचून राहतो, म्हणून तिथे जास्त वेळ थांबावं लागतं. सीएनजीच्या टाकीत सुमारे २०० बार दाब असतो आणि तिची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट करून घ्यावी लागते. टाकीवरच्या पट्टीवर तारीख असते, ती आजच पाहा. आणि घरगुती सिलिंडर गाडीला जोडण्याचा प्रकार अजून खेड्यांत दिसतो. तो बेकायदा आहेच, पण त्यात बसलेल्या लेकरांचा विचार करून तरी तो बंद करा.

जळक्या वायरीचा वास नाकाला टोचतो, डोळ्यांत झोंबतो. पहिलं काम गाडी बंद करणं, दुसरं बॅटरीची निगेटिव्ह केबल काढणं. बाहेरून लावलेले हॉर्न, एलईडी दिवे, मोठं म्युझिक, लग्नाच्या वरातीसाठी जोडलेली रोषणाई, इथे बहुतेक घोळ असतो. उडालेल्या फ्यूजच्या जागी तार किंवा जास्त अँपिअरचा फ्यूज बसवला असेल, तर फ्यूजऐवजी वायर जळते. दहाच्या जागी दहाचाच फ्यूज हवा. वास फक्त ब्लोअर चालू असतानाच येत असेल तर ब्लोअरची मोटर किंवा रेझिस्टर तापतोय. ही एक माहिती मेस्तरीचा बराच वेळ वाचवते.

गोडसर वास: कुलंट

आपल्याकडच्या उन्हाळ्यात सगळ्यात जास्त उपयोगी पडणारा वास हाच. कुलंटमधल्या एथिलीन ग्लायकॉलमुळे वास गोडसर, थोडा पाकासारखा येतो. हे द्रव विषारी असतं आणि चवीला गोड, म्हणून कुत्री आणि लहान मुलं ते पिऊ शकतात. सांडलेलं लगेच धुवा आणि उरलेलं थंड पेयाच्या बाटलीत कधीच ठेवू नका.

वास कुठून येतो त्यावर कारण ठरतं. बोनेटमधून येत असेल तर होजची क्लिप सैल, होज फुगलेला, रेडिएटरला बारीक चीर किंवा वॉटर पंप गळतोय. केबिनमध्ये येत असेल, पुढच्या काचेवर आतून चिकट धुकं धरत असेल आणि डावीकडच्या पायाखालची मॅट ओली असेल, तर हीटरची जाळी गळतेय. एसीचं पाणी कधी कधी आत सांडतं, पण त्याला वास नसतो आणि ते चिकटत नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर आणि त्याला गोड वास, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय, अशी लक्षणं हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं, म्हणजे हेडखालचं पॅकिंग) गेल्याची. ती दिसली तर गाडी टोचनच करा.

काटा चढतोय आणि गोड वास येतोय, अशी वेळ आली तर एसी बंद, हीटर पूर्ण गरम करून ब्लोअर जोरात, काचा खाली. भर उन्हात हे नकोसं वाटतं, पण हीटर इंजिनाची उष्णता ओढून घेतो आणि सुरक्षित जागेपर्यंत पोहोचता येतं. काटा तरीही लाल भागाकडे सरकला तर पुढे न जाता तिथेच इंजिन बंद करा.

यानंतरचा भाग सावकाश वाचा, कारण दर उन्हाळ्यात इथेच माणसं भाजतात. रेडिएटरमधलं पाणी दाबाखाली असतं, त्यामुळे ते १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि त्या पाण्याची क्षणात वाफ होऊन तोंडावर येते. किमान पाऊण तास थांबा. मग जाड फडक्याने वरचा होज दाबून पाहा. तो अजून कडक लागला तर आणखी थांबा. मऊ पडला की फडकं ठेवून झाकण हळूहळू सैल करा, तोंड बाजूला ठेवा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

आणि बोअरचं पाणी. आपल्याकडे बऱ्याच गावांत ते इतकं क्षारयुक्त असतं की घरातल्या हंड्यालाही पांढरा थर बसतो. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि दोन उन्हाळ्यांत रेडिएटर चोंदतो. अडचणीत टाकावं लागलं तर टाका, पण गावात पोहोचल्यावर ते काढून गाडीच्या पुस्तकात सांगितलेलं कुलंट भरून घ्या. पातळी आठवड्यातून एकदा, सकाळी, गार इंजिनावर पाहा.

घाटातले वास: क्लच आणि ब्रेक

चैत्रात सप्तशृंगगडाला जाताना नांदुरीपासूनचा चढ, तोरणमाळची वळणं, चाळीसगावहून कन्नडकडे जाणारा औट्रम घाट, साक्रीकडून नवापूरला उतरताना कोंडाईबारी. या रस्त्यांवर दोन वास नेहमी येतात आणि दोन्ही जळकेच असल्याने लोकांची गल्लत होते. फरक सोपा आहे. चढताना, गर्दीत इंचाइंचाने पुढे सरकताना किंवा रिव्हर्स घेताना आला तर क्लच. उतरताना आला आणि चाकांजवळ जास्त असला तर ब्रेक.

क्लचचा वास जळलेल्या पुठ्ठ्यासारखा असतो. भरलेली गाडी चढावर हाफ क्लचवर धरून ठेवली की प्लेट घासते. चढावर थांबायचं तर हँडब्रेक ओढा, क्लच पूर्ण सोडा, निघताना हँडब्रेकच्या आधाराने निघा. वास आला तर सपाट जागा बघून वीस मिनिटं गाडी न्यूट्रलमध्ये उभी ठेवा. एकदाच आला आणि गेला तर प्लेट वाचली असेल. पण नंतर रेस वाढवली की इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी मात्र वेग घेत नाही, असं होत असेल तर प्लेट संपत आली आहे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सासरहून लेकीला आणायला निघायच्या आधी ती बदलून घ्या, वाटेत बंद पडली तर भर उन्हात सगळ्यांचे हाल होतात.

ब्रेकच्या वासाकडे दुर्लक्ष झालं तर जीव जातो. ज्या गिअरवर हा घाट चढला असता त्याच गिअरवर उतरा, म्हणजे इंजिनच गाडी रोखून धरतं आणि ब्रेक अधूनमधूनच लागतो. इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलवर घाट उतरणं म्हणजे डिझेलच्या चार थेंबांसाठी घरच्यांना पणाला लावणं. वास आला की पहिल्याच मोकळ्या जागी थांबा. तापलेल्या डिस्कवर किंवा ड्रमवर पाणी मारू नका, डिस्क वाकडी होते. हँडब्रेकही ओढू नका. गाडी गिअरमध्ये टाका, चाकाला मोठा दगड लावा, अर्धा तास द्या. पेडल मऊ पडून खाली जात असेल तर ब्रेक ऑइल उकळलं आहे. ते हवेतली ओल शोषतं आणि त्यामुळे लवकर उकळतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. गाडी कितीही चांगली ठेवणारे लोक नेमकं हेच विसरतात.

सपाट रस्त्यावर ब्रेकचा वास आला तर आधी हँडब्रेक पाहा. तो सुटलेला असेल तर चारही चाकांजवळ हात न लावता, लांबूनच धग जाणवते का पाहा. एकच चाक जास्त तापलं असेल तर त्याचा कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) किंवा ब्रेकचा सिलिंडर अडकला आहे. आपल्या धुळीच्या रस्त्यांवर कॅलिपरच्या पिना जाम होणं नेहमीचं आहे, सर्व्हिसला त्या साफ करून ग्रीस लावायला सांगा.

जळकं ऑइल, रबर, सडकी अंडी

गाडी थांबवल्यावर बोनेटमधून जळक्या तेलाचा वास येत असेल तर बहुतेक टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळतंय आणि ऑइल गरम एक्झॉस्टवर पडतंय. नुकतीच सर्व्हिस झाली असेल तर सांडलेलं ऑइल जळत असतं, एक-दोन दिवसांत वास जातो. न गेल्यास ऑइल फिल्टर आणि खालचा नट तपासून घ्या. सपाट जागेवर डिपस्टिक पाहा. पातळी खालच्या खुणेच्याही खाली असेल तर ऑइल घातल्याशिवाय चालवू नका. ऑइलचा लाल दिवा लागला तर तिथेच बंद. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे इंजिन आतून ऑइल खातंय.

जळक्या रबराला आधी एसी बंद करून पाहा. वास थांबला तर एसीचा कॉम्प्रेसर किंवा त्याचा क्लच जाम होतोय. न थांबला तर फॅन बेल्ट घसरतोय, किंवा टायर आतून घासतोय. कधी सायलेन्सरला प्लास्टिकची पिशवी चिकटलेली असते, ती थंड झाल्यावर काढा.

सडक्या अंड्यांचा वास आला की आधी बॅटरी. तिच्या बाजू फुगल्यात का, ती हाताला चटका देण्याइतकी गरम आहे का पाहा. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. १५ च्या वर जात असेल तर ऑल्टरनेटरचा रेग्युलेटर बिघडून बॅटरी जास्त चार्ज होतेय. तेव्हा निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेटतो, म्हणून जवळ कोणतीही आग नको. बॅटरी ठीक असेल तर वास कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा. दोन्हींसाठी गॅरेज गाठावं लागतं.

धूर केबिनमध्ये

सायलेन्सरच्या धुराचा वास केबिनमध्ये येणं मला सगळ्यात जास्त काळजीचं वाटतं. वास येतो तो धुराचा, पण त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं जड होणं, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणं. ठिबकच्या नळ्यांची गुंडाळी किंवा पीव्हीसी पाइप डिकी उघडी ठेवून आणताना मागचा धूर सरळ आत ओढला जातो. नाइलाज असेल तर पुढच्या काचा उघड्या ठेवा आणि पंखा बाहेरच्या हवेवर चालवा. लग्नाच्या रात्री मंडपाबाहेर एसी लावून, काचा बंद करून गाडीत झोपणाऱ्यांना उठवा, मग त्यांना राग आला तरी चालेल.

बीएस-सहा डिझेलवाल्यांसाठी

१ एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो अधूनमधून आतली काजळी जाळतो. त्या वेळी गरम धातूसारखा वास येतो, पंखा जोरात फिरतो, इंजिनाची रेस थोडी वाढलेली असते. हा बिघाड नाही. मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं चालवत राहा, काम पूर्ण होऊ द्या. पण याच वेळी वाळलेल्या गवतावर थांबणं सगळ्यात धोक्याचं. धूर स्वच्छ करण्यासाठी युरियाच्या द्रावणाची टाकी असलेल्या गाडीत अमोनियासारखा झोंबरा वास आला तर टाकीचं झाकण आणि नळी पाहायला सांगा.

एसी लावताच येणारा कुबट वास यंत्राचा बिघाड नसतो, कूलिंग कॉइलवर बुरशी धरलेली असते. मुक्कामी पोहोचायच्या तीन-चार मिनिटं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालवा, कॉइल कोरडी होते.

गॅरेजमध्ये काय सांगायचं

वास दिवसभर येऊन-जाऊन असेल आणि सापडत नसेल तर रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा अंथरा आणि चाकांच्या जागा खडूने आखा. सकाळी डाग कुठे पडला ते पाहा. हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी चिकट डाग कुलंटचा, काळा-तपकिरी इंजिन ऑइलचा, चाकाच्या आतल्या बाजूला पिवळसर पातळ असेल तर ब्रेक ऑइल. गिअर ऑइलला स्वतःचा गंधकासारखा वास असतो. साधं पाणी एसीचं.

मग मेस्तरीला ‘वास येतो’ एवढंच न सांगता पाच गोष्टी सांगा: गार इंजिनावर येतो की गरम, चढताना, उतरताना की उभ्या गाडीत, एसी, ब्लोअर किंवा हीटर चालू असताना वाढतो का, आत येतो की बाहेर, आणि वास सुरू होण्याआधी शेवटचं काम काय झालं होतं. शक्य असेल तर पुठ्ठा सोबत न्या. काम झाल्यावर लगेच पैसे देऊन निघू नका. मेस्तरीला शेजारी बसवा आणि ज्या परिस्थितीत वास येत होता तशीच फेरी मारा. चढावर येत असेल तर चढावर, एसीत येत असेल तर दुपारी एसी लावून. परत आल्यावर बोनेट उघडून त्याच्यासमोर एकदा वास घ्या.